तक्रारवहीचं उजवं पान



यंदा बंदीच्या दिवसांत ऑफिसचं कपाट आवरायला काढलं. तळाशी मासिक सभांच्या जुन्या वह्या सापडल्या, दहा-बारा वर्षांच्या. बाहेर पाऊस, बोटी वर ओढलेल्या, काम काही नाही. म्हणून आम्ही त्या वाचत बसलो.

सगळ्यात जुन्या वहीत लिहिलेलं होतं: बर्फ वेळेवर मिळत नाही. धक्क्यावर दिवे नाहीत. डिझेलचा परतावा थकला. बाहेरच्या बोटी येऊन जाळी फाडून जातात. व्यापारी भाव पाडतात. पापलेट कमी झालं. मग पुढची वही उघडली, तर तेच. त्याच्या पुढचीही तीच. अक्षर बदललेलं, कारण मधे सचिव बदलले. अध्यक्षांच्या सह्या बदललेल्या. विषय मात्र तेच, आणि क्रमसुद्धा जवळजवळ तोच.

आणि प्रत्येक विषयाखाली एक ठरलेलं वाक्य: "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली." चर्चा झाली हे खरं. पण ठरलं काय, करायचं कोणी, कधीपर्यंत, हे कुठेच नाही. शेवटच्या काही वह्यांतलं अक्षर तर आमचंच आहे. त्यामुळे बोट दुसऱ्याकडे दाखवायची सोयच नाही.

हे आज लिहायचं कारण म्हणजे मागच्या हंगामातली ती सभा. ज्यांना आठवते त्यांना आठवत असेलच. जे त्या दिवशी समुद्रात होते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

"मंग तुमाला पायजे काय?"

आपला बराच माल सुरतेच्या बाजूला जातो. मागच्या हंगामात तिकडच्या एका व्यापाऱ्याने भावात कपात लावायला सुरुवात केली. म्हणणं एकच, माल पोचेपर्यंत नरम पडतो. एकदा कापलं, दोनदा कापलं, तिसऱ्यांदा सभा बोलावली.

सभेत काय झालं? तांडेल म्हणाले, बर्फ कारखान्यातून उशिरा येतो. बर्फाची व्यवस्था बघणारे म्हणाले, बोटी सांगितलेल्या वेळेच्या आधी लागतात, मग बर्फ कुठून आणणार? एकजण म्हणाला, गाडीवाला वाटेत थांबतो. दुसरा म्हणाला, गाडी-बिडी काही नाही, व्यापारीच लबाड आहे. मग पाच वर्षांपूर्वीचं भांडण निघालं. मग त्याच्याही आधीचं. दोन तास झाले.

तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी उठल्या. बाजारात पाटी लावून ज्यांचं आयुष्य गेलं त्यांतल्या. म्हणाल्या, "मंग तुमाला पायजे काय? बर्फवाल्याशी भांडन पायजे का मासा ताजा पायजे?"

हसले सगळे. पण उत्तर कोणाकडे नव्हतं. त्या दिवशीही वहीत आम्ही लिहिलं, सविस्तर चर्चा झाली.

सुरतेला गेलो ते भांडायला

बंदी लागल्यावर आम्ही तिघे-चौघे सुरतेला गेलो. खरं सांगायचं तर त्या व्यापाऱ्याशी दोन शब्द करायलाच गेलो होतो. उतरलो ते एका सभासदाच्या सोयऱ्यांकडे, उधन्याच्या बाजूला. घरातले काका मूळचे अमळनेरचे, उभा जन्म लूमवर गेलेला. सुरतेत खानदेशातली अशी हजारो घरं आहेत. लिंबायत, उधना भागात फिरलं तर आपण गुजरातेत आहोत की जळगावात, असा प्रश्न पडतो.

संध्याकाळी काका आम्हाला तापीवर घेऊन गेले. किल्ला दाखवला, पूल दाखवले. आमच्यातल्या एकाने रस्त्याकडे बघून म्हटलं, "काका, तुमचं शहर लय साफ आहे." काका हसले. म्हणाले, "भाऊ, आता साफ आहे. मी या शहरातून तोंडाला रुमाल बांधून पळालेलो माणूस आहे."

मग त्यांनी १९९४ ची गोष्ट सांगितली. आम्ही तेव्हा शाळेत होतो, आम्हालाही पुसटशी आठवते. घरी आल्यावर त्यावर जे मिळालं ते वाचलं. काकांचं सांगणं आणि वाचलेलं असं दोन्ही मिळून खाली देतो.

सगळ्यांना माहीत असलेली समस्या

१९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठीचे रुग्ण आढळले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली. वेड रोडच्या बाजूच्या दाट वस्त्यांमधून सुरुवात झाली. पन्नासच्या आसपास माणसं गेली. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही, पण भीती अशी की काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. काका भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीत उभ्याने आले. शहरातले कित्येक खाजगी डॉक्टरसुद्धा दवाखाने बंद करून निघून गेले होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. काही देशांनी भारताची विमानं थांबवली, आपला माल घ्यायला नकार दिला. एका शहराच्या कचऱ्याची किंमत सगळ्या देशाने मोजली.

मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. सुरत घाण आहे हे कोणाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं. कापड आणि हिऱ्यांच्या धंद्यामुळे शहर वाढत गेलं. वस्त्या वाढल्या, गटारं वाढली नाहीत. रोजच्या कचऱ्यातला जेमतेम निम्मा उचलला जायचा. त्या वर्षी पावसाचं पाणी साचलं, जनावरं मेली, कुजली, उंदीर वाढले. तक्रारी होत्या, अर्ज होते, वर्तमानपत्रात फोटो होते. समस्यांची यादी अगदी पूर्ण होती.

आणि साथ ओसरल्यावर काय झालं? वाद. हा प्लेगच होता की नव्हताच? चूक सरकारची, पालिकेची, बाहेरून आलेल्या कामगारांची, की लोकांच्या सवयीची? प्रश्न अगदीच चुकीचे नव्हते, काही तर अभ्यासाचे होते. पण हे वाद चालू असताना कचरा होता तिथेच होता. काका दोन-एक महिन्यांनी परत आले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तोच ढीग होता.

वाचताना आम्हाला आपल्या वह्या आठवल्या.

मग बदललं काय?

मे १९९५ मध्ये सुरत महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. पुढच्या साधारण दीड-दोन वर्षांत ज्या शहरातून लोक पळाले ते शहर इंटॅक या संस्थेच्या पाहणीत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं. पहिला क्रमांक चंडीगडचा होता. चंडीगड तर आखून-रेखून वसवलेलं शहर, आणि सुरत शेकडो वर्षांचं जुनं, गल्लीबोळांचं. हे झालं कसं?

माणसं तीच होती. सफाई कामगार तेच, अधिकारी बहुतेक तेच, पालिका तीच. बदलली ती कामाची रीत.

पहिलं म्हणजे, सकाळी सगळे अधिकारी रस्त्यावर. या पद्धतीला तेव्हा गमतीने "एसी टू डीसी" असं नाव पडलं. एअर कंडिशनिंगमधून डेली चोअर्समध्ये, म्हणजे थंड खोलीतून रोजच्या कामात. आयुक्त स्वतः रोज फिरायचे, त्यामुळे खालच्यांना बसून राहायची सोय उरली नाही.

दुसरं, शहराचे सहा झोन केले आणि प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला आयुक्तासारखे अधिकार दिले. खड्डा दिसला तर वरची सही यायची वाट बघायची नाही. "माझ्या हातात नाही" असं म्हणायची जागाच काढून टाकली.

तिसरं, दुपारी रोज बैठक. सकाळी कोणी काय बघितलं, काल ठरलेलं झालं का, आज काय होणार. महिन्याने नाही, रोज. महिन्याच्या बैठकीत कारणं सांगता येतात. दुसऱ्याच दिवशी तीच माणसं समोर बसणार असतील तर कारण सांगायला लाज वाटते.

चौथं, मोजता येईल असं काम. "शहर स्वच्छ करू" ही नुसती घोषणा झाली. रोजच्या कचऱ्यातला किती उचलला, हे मोजता येतं. निम्म्यावरचा आकडा नव्वद टक्क्यांच्या वर गेला. मोठे रस्ते रात्री झाडायला सुरुवात झाली, कारण दिवसा गर्दीत झाडू चालत नाही. वस्त्यांमध्ये फरशी घातली, पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं उभी राहिली. दवाखान्यांकडून आजारांची माहिती नियमित गोळा होऊ लागली, म्हणजे ताप कुठे वाढतोय ते साथ पसरण्याआधी कळावं.

पाचवं, नियम मोडला तर दंड, आणि तो मोठ्यांनाही. हॉटेलवाले असोत की मोठे दुकानदार. अतिक्रमणं काढताना वजनदार लोकांची बांधकामंही पाडली, म्हणून लोकांचा विश्वास बसला. एक गोष्ट इथे लपवू नये. रस्ते रुंद करताना लहान माणसंही भरडली गेली. ज्याची टपरी गेली त्याला शहराचा नंबर किती आला याचं काय?

राव १९९७ च्या शेवटाकडे गेले. काम मात्र थांबलं नाही. नंतरच्या आयुक्तांनी चालू ठेवलं, कारण तोवर ती एका माणसाची हौस राहिली नव्हती, रोजची रीत झाली होती. केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत २०२०, २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ तीन वर्षं दुसरी आली. २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने पहिली आली. तो निकाल जानेवारी २०२४ मध्ये लागला.

प्रश्न बदलला की सभा बदलते

आमच्या डोक्याला यातून जे कळलं ते साधं आहे. समस्येकडे बघून सभा घेतली की प्रश्न असे येतात: काय बिघडलं? कधीपासून? कोणामुळे? या प्रश्नांची उत्तरं नेहमी मागे जातात. मागे जावं तितकी माणसं सापडतात, आणि प्रत्येकजण आपला बचाव करत बसतो.

ध्येयाकडे बघून सभा घेतली की प्रश्न वेगळे येतात: आपल्याला काय पाहिजे? ते झालं हे कशावरून ओळखायचं? उद्या सकाळी त्यातलं काय करता येईल, आणि कोण करणार? ही उत्तरं पुढे जातात, आणि त्यांत करणाऱ्याचं नाव यावंच लागतं. मावशींचा प्रश्न नेमका हाच होता. आम्हाला तो समजायला सुरतेपर्यंत जावं लागलं.

पण कोणी म्हणेल, सचिव आता पोस्टरवरचं ज्ञान देताहेत, "सकारात्मक राहा, समस्या विसरा." तसं नाही. समस्या विसरायचीच नाही. रावांच्या माणसांनी सकाळी फिरून समस्याच तर शोधल्या. समस्या म्हणजे आपल्या फिश फाइंडरवर दिसणारा खडक. तो दिसलाच पाहिजे. पण तांडेल खडकाकडे बघून बोट चालवत नाही. कुठे पोचायचं ते त्याच्या मनात पक्कं असतं, म्हणून तो खडक टाळू शकतो. नुसता खडकच बघत राहिला तर बोट तिथेच जाऊन आपटते.

सुरतेचे आणखी दोन धडे

आपण पाण्यावरची माणसं, म्हणून पाण्याच्या दोन गोष्टी सांगतो.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. वर उकाई धरण भरलेलं, त्यातून ९ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि शहराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग पाण्यात गेला. काकांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हाही मोठा वाद झाला. धरण आधीच रिकामं का केलं नाही? पाणी एकदम का सोडलं? हा वाद व्हायलाच हवा होता, माणसं गेली होती. पण त्याच्या जोडीला शहराने एक दुसरा प्रश्न घेतला. पुढच्या वेळी लोकांना आधी कळण्यासाठी काय लागेल? त्यातून पुढच्या काही वर्षांत आगाऊ इशाऱ्याची यंत्रणा उभी राहिली. तापीच्या वरच्या भागातला पाऊस, उकाईत येणारं पाणी आणि शहरात कुठे किती पाणी चढेल याचा अंदाज, हे सगळं एकमेकांना जोडलं. पूर कोणाच्या हातात नाही. पण पुराची खबर आधी देणं हातात आहे.

आपल्याला हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २००९ च्या फयानमध्ये कोकणातल्या किती बोटी आणि खलाशी अडकले ते आपण बघितलंय. वादळ आपण थांबवू शकत नाही. पण इशारा आला की समुद्रातल्या प्रत्येक बोटीपर्यंत तो किती वेळात पोचला, हे आपण मोजू शकतो.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची. शहराचं सांडपाणी ही समस्या. पलीकडे पांडेसऱ्याच्या कापड कारखान्यांना पाणी पुरत नाही, ही दुसरी समस्या. २०१४ पासून सुरत महानगरपालिका बमरोलीच्या केंद्रात सांडपाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून त्या कारखान्यांना विकते. सुरुवातीची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर होती. म्हणजे दोन समस्या समोरासमोर ठेवल्या आणि त्यातून पालिकेला उत्पन्न सुरू झालं. सगळं सांडपाणी यात जात नाही, तापीचं आणि खाड्यांचं दुखणं संपलेलं नाही. पण सुरुवात अशीच होते.

मग भांडायचंच नाही का?

हा प्रश्न आमच्याच एका संचालकांनी विचारला. उत्तर पुन्हा सुरतेतच आहे, आणि ते आपल्याच भाऊबंदांचं आहे.

सुरतेजवळ हजीऱ्याला तापी समुद्राला मिळते. तिथले मच्छीमार बंदराच्या विस्ताराविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात गेले. संघटनेचं नाव हजीरा माछीमार समिती. जानेवारी २०१६ मध्ये लवादाने त्या विस्ताराची पर्यावरण परवानगी रद्द ठरवली आणि २५ कोटी रुपये भरायचा आदेश दिला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, म्हणजे लढाई तिथेच संपली असं नाही. पण बघण्यासारखी गोष्ट ही, की "मोठ्या लोकांपुढे आपलं काही चालत नाही" एवढं म्हणून ते घरी बसले नाहीत. अमुक परवानगी, अमुक जमीन, अमुक तिवरं, आमचा खाडीत जायचा अमुक मार्ग, असं नेमकं धरून गेले. लवाद दुःखावर निकाल देऊ शकत नाही, मागणीवर देऊ शकतो.

तेव्हा भांडायचं. जरूर भांडायचं. पण भांडण संपल्यावर हातात काय पाहिजे, ते आधी लिहून ठेवायचं.

आपली वही

त्या व्यापाऱ्याला आम्ही भेटलो. भांडण काही झालं नाही, कारण त्यांनी उलट एक क्रेट उघडून दाखवला. वर बर्फ, खाली पाणी, मधला मासा कोमट. दुसऱ्या बंदराचाही क्रेट दाखवला. त्यात थरावर थर होता, बर्फ, मासा, बर्फ. आम्ही गप्प बसलो.

परत आल्यावर नवी वही घातली. पानाच्या मधे उभी रेघ मारली. डाव्या बाजूला तक्रार, उजव्या बाजूला चार ओळी: काय पाहिजे, कसं मोजायचं, कोण बघणार, कधीपर्यंत. उजवी बाजू भरल्याशिवाय पुढचा विषय घ्यायचा नाही.

पहिलं पान बर्फाचं. डावीकडे: बर्फ वेळेवर मिळत नाही. उजवीकडे काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. एकाने सांगितलं, "भाव वाढला पाहिजे." ते आपल्या हातात नाही. दुसऱ्याने सांगितलं, "दर्जा सुधारला पाहिजे." ते मोजता येत नाही. शेवटी ठरलं: धक्क्यावर उतरलेला प्रत्येक क्रेट लिलाव होईपर्यंत बर्फाखाली असेल, एक किलो माशाला एक किलो बर्फ. मोजणार कसं? किती बोटींचे क्रेट तसे उतरले, ते रोज फळ्यावर. बघणार कोण? आठवड्याला दोन सभासद, आळीपाळीने, त्यात एक मावशी असलीच पाहिजे. मासा दाबून बघायला त्यांच्यासारखी बोटं दुसऱ्या कोणाची नाहीत. कधीपर्यंत? दिवाळीपर्यंत सगळ्या बोटी.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या. पहिल्या दिवशी फळ्यावर २३ पैकी ९ लिहिलं. लोक चिडले. एका तांडेलांनी तर विचारलं, "आमची इज्जत फळ्यावर टांगता का?" पण दुसऱ्या दिवसापासून येता-जाता सगळे फळा बघायला लागले. बर्फ उशिरा येतो त्याचं कारणही तेव्हाच सापडलं. आपण बोटी लागल्यावर फोन करत होतो. आता समुद्रातून निघतानाच तांडेल कळवतात. कारखाना तोच, बर्फ तोच. गेल्या आठवड्यात २३ पैकी १९ झाले. भावातली कपात पूर्ण थांबली नाही, पण मागच्या तीन गाड्यांना लागलेली नाही.

सगळी पानं अशी झाली नाहीत, हेही सांगतो. पापलेटच्या पानावर आम्ही हरलो आहोत. आपल्या सरकारने २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमासा केलं. मान मिळाला, मासा काही वाढला नाही. डावीकडे लिहिलं, पापलेट संपत चाललं. उजवीकडे लिहिलं, आपल्या लिलावात पापलेटचं पिल्लू येणार नाही. चार बोटींनी मान्य केलं नाही. "आम्ही सोडलं तर बाजूचा धरेल, आमच्या कर्जाचा हप्ता तुम्ही भरणार का?" हे बोलणं खोटं नाही. त्यांना आम्ही रागावलो नाही. ध्येय लहान केलं. आता उजव्या बाजूला असं आहे: प्रत्येक बोटीने आपल्या जाळ्यात आलेली पिल्लं किलोत लिहून द्यायची, फक्त लिहायची. हंगामाच्या शेवटी आकडा समोर ठेवू. कोणावर आरोप नाही. आपलं आपल्याला कळू दे, उद्याचे किती पैसे आपण आज पाटीत ओततोय.

डिझेलच्या परताव्याचंही तसंच. पैसे कधी येणार ते आपल्या हातात नाही, त्यासाठी पाठपुरावा चालूच राहील. पण सगळ्या सभासदांची कागदपत्रं दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत पूर्ण असणं आपल्या हातात आहे. मागच्या वेळी किती अर्ज आपल्याच चुकीने परत आले, ते आम्ही मोजलं. आकडा इथे लिहीत नाही, सभेत सांगू.

एक विनंती

पुढच्या मासिक सभेला येताना प्रत्येकाने एक तक्रार आणावी. भरपूर आहेत, निवडायला वेळ लागेल. पण येताना घरच्यांशी बसून तिची उजवी बाजूही लिहून आणावी. लिहिता आली नाही तरी या, सभेत मिळून लिहू. मावशींना आम्ही खास पुढच्या खुर्चीवर बसवणार आहोत. चर्चा भरकटली की त्यांनी एवढंच विचारायचं, "मंग तुमाला पायजे काय?"

काका निघताना म्हणाले होते, "भाऊ, मी पळालो तेव्हा वाटलं होतं, हे शहर आता संपलं. परत आलो ते पोटासाठी. राहिलो ते शहर बदललं म्हणून." आपल्याही गावातली पोरं निघून चालली आहेत. कोणी कंपनीत, कोणी रिक्षावर. दोन बोटी मागच्या वर्षी विकल्या गेल्या. पोरांना आपण रोज घरात काय ऐकवतो? धंद्यात राम नाही, समुद्रात मासा नाही, सरकार विचारत नाही. डावं पान त्यांना तोंडपाठ आहे. उजवं पान आपण त्यांना दाखवलंच नाही.

ते आता दाखवू या. दिवाळीला फळ्यावर २३ पैकी २३ लिहायचं आहे. चार बोटी बाकी आहेत. कोणत्या ते सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यातली एक आमच्या सख्ख्या भावाची आहे.

आपला,
सचिव